क्लबचे वर्ष आणि मुलाची भूक: कुपोषणावर काम करू पाहणाऱ्या सेवाभावी क्लबांसाठी मार्गदर्शन

रोटरी असो वा लायन्स, क्लबचे सेवावर्ष १ जुलैला सुरू होते आणि ३० जूनला संपते. जव्हार-मोखाड्यापासून मेळघाटापर्यंतच्या डोंगराळ पट्ट्यात घरातल्या कणग्या रिकाम्या होण्याचे दिवसही जवळपास तेव्हाच सुरू होतात. भातलावणीसाठी आई दिवसभर चिखलात उभी असते, तान्हे मूल सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते, गढूळ पाण्याने जुलाब लागलेले असतात आणि नवे धान्य हाती यायला अजून तीन महिने असतात. नेमक्या याच आठवड्यांत आमच्याकडे पदग्रहण सोहळे, सत्कार आणि प्रांतपालांच्या (आमच्या विभागातल्या क्लबांच्या प्रमुखांच्या) भेटीची तयारी चालू असते. प्रकल्प ठरेपर्यंत दिवाळी येते, दिवाळीनंतर निम्मी कुटुंबे वीटभट्ट्यांवर किंवा ऊसतोडीला निघून जातात, आणि उरलेल्या मुलांना जानेवारीत खाऊ वाटून वर्ष पार पडते.

आमच्या क्लबने पहिली दोन वर्षे हेच केले. म्हणून पुढे जे लिहिले आहे, त्यातला बराच भाग चुकांतून शिकलेला आहे. तालुक्याच्या गावातला पंचवीस-तीस सदस्यांचा क्लब डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे. महिला मंडळ, गणेशोत्सव मंडळ किंवा माजी विद्यार्थी संघ यांनाही ते लागू पडेल.

आधी वय ठरवावे, मग गाव

क्लबच्या बैठकीत मुलांसाठी काही करायचे म्हटले की पहिले नाव शाळेचे निघते. शाळेत मुले रांगेत उभी राहतात, मुख्याध्यापक ओळखीचे असतात आणि एका सकाळी तीनशे हातांत काहीतरी पडते. मात्र कुपोषणाने होणारे नुकसान मूल शाळेत येण्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेले असते. गर्भधारणेचे २७० दिवस आणि जन्मानंतरची पहिली दोन वर्षे म्हणजे ७३० दिवस, असे मिळून जे १,००० दिवस होतात, त्यांत खुंटलेली उंची पुढे क्वचितच भरून निघते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी, २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी आणि ३६.१ टक्के वयाच्या मानाने कमी वजनाची होती. हडकुळेपणाचा आकडा आधीच्या फेरीतही २५.६ टक्केच होता, आणि अतितीव्र हडकुळी मुले मात्र ९.४ टक्क्यांवरून १०.९ टक्क्यांवर गेली.

तेव्हा बैठकीतला पहिला ठराव असा असावा: आम्ही गरोदर माता आणि तीन वर्षांखालील मुले यांच्यासाठी काम करू. हा ठराव छायाचित्राला फारसा सोयीचा नाही, कारण दीड वर्षाचे मूल अनोळखी माणूस दिसताच रडते आणि रांगेत तर मुळीच उभे राहत नाही.

जी व्यवस्था आहे, तिच्यात शिरावे

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांपासून सुरू झाली आणि आज जवळजवळ प्रत्येक पाड्याच्या आसपास तिची अंगणवाडी आहे. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांना घरी नेण्याचा आहार, म्हणजे बोलीभाषेतला टीएचआर, मिळतो, तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतच गरम ताजे जेवण मिळते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने या दोन्ही वयोगटांसाठी दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, तर कुपोषित मुलांसाठी ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरवून दिले होते; २०२३ मध्ये त्यात सुधारणा झाली. त्यासाठी २०१७ मध्ये ठरलेला दर साध्या मुलामागे दिवसाला ८ रुपये आणि अतितीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये असा होता. एवढ्या पैशांत सरपण, तेल, डाळ आणि भाजी बसवताना बचत गटातल्या बायकांची काय ओढाताण होते, हे ज्यांच्या घरी महिन्याचा किराणा भरला जातो त्यांना वेगळे सांगायला नको.

अनुसूचित क्षेत्रात याच्या जोडीला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. तिच्यातून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण मिळते, आणि सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी क्लबने बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना रीतसर पत्र देऊन भेट घ्यावी आणि तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: आपल्या भागात कोणत्या योजना लागू आहेत, कोणत्या अंगणवाड्यांत तीव्र कुपोषित मुले जास्त आहेत, आणि कोणत्या महिन्यांत पुरवठ्यात खंड पडतो. योजनेतून मिळणारे अंडे क्लबने पुन्हा दिले तर मुलाला दोन अंडी मिळतील असे वाटते. प्रत्यक्षात कागदावर दोन आणि ताटात एक असा प्रकार होऊ शकतो.

ग्रामपंचायतीलाही पत्र द्यावे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. वजनकाटा, पाण्याची टाकी किंवा गॅसची शेगडी यांसाठी तो मागता येतो. ग्रामसेवकाला हे माहीत असते, फक्त कोणी मागितलेले नसते.

सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती अंगणवाडी सेविका आहे. तिच्याकडे रजिस्टरे आहेत, पोषण ट्रॅकर हे सरकारी नोंदींचे मोबाईल ॲप आहे, लसीकरणाचे दिवस आहेत, आणि निवडणुकीची कामेही तिच्याच गळ्यात पडतात. आपण जाऊन तिचे काम वाढवणार की कमी करणार, हे ती पहिल्या पाच मिनिटांत ओळखते. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा एका ताईंनी शांतपणे विचारले, “दादा, तुमचा कार्यक्रम किती वेळचा आहे? मला नंतर मुलांना जेवू घालायचंय.” त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते, कारण बॅनर अजून गाडीतच होता.

अंगणवाड्या थोड्या घ्याव्यात

तीन किंवा चार अंगणवाड्या पुरे आहेत. “संपूर्ण तालुका कुपोषणमुक्त” हे वाक्य अहवालात शोभते, पण पंचवीस सदस्यांना ते झेपत नाही. तीन अंगणवाड्यांत मिळून तीन वर्षांखालील साठ ते सत्तर मुले निघतील, आणि एवढ्या मुलांची नावे क्लबातल्या चार-पाच जणांना पाठ होऊ शकतात. गाव असे निवडावे की पावसाळ्यातही दुचाकी पोहोचेल, नाहीतर जिथे सर्वांत जास्त गरज त्या जुलै-ऑगस्टमध्येच भेटी बंद पडतात.

मोजमाप: इथे घाई करू नये

कुपोषण डोळ्यांनी ओळखता येते, हा मोठा गैरसमज आहे. अंगावर सूज आलेले मूल गुबगुबीत दिसते आणि खुजे मूल वयाने लहान वाटते, एवढेच. म्हणून वजन, उंची आणि दंडघेर ही तीन मापे घ्यावी लागतात. ती सेविकेच्या सोबतीने आणि तिच्याच रजिस्टरशी ताडून घ्यावीत.

वजनासाठी बहुतेक ठिकाणी झोळीचा स्प्रिंग काटा किंवा डिजिटल काटा असतो. तो वापरण्यापूर्वी माहीत असलेले वजन टांगून पाहावे. किराणा दुकानातले पाच किलोचे प्रमाणित वजनमाप त्यासाठी उत्तम, आणि बहुतेक क्लबांत एखादा किराणा व्यापारी असतोच. आमच्या पहिल्या गावात काटा पाच किलोला पाच किलो तीनशे ग्रॅम दाखवत होता. आठ किलोच्या मुलाच्या बाबतीत तीनशे ग्रॅम म्हणजे दोन महिन्यांची वाढ असू शकते. मुलाचे जाड कपडे, कमरेचा करदोटा-घुंगरू, हातातली खेळणी काढून ठेवावीत आणि काटा स्थिर झाल्यावरच आकडा वाचावा. दोन वर्षांखालील मुलाची लांबी झोपवून घ्यायची असते आणि त्यावरील मुलाची उंची उभे करून. झोपवताना एकाने डोके फळीला टेकवायचे, दुसऱ्याने गुडघे हलकेच दाबून पावले सरळ करायची. हे काम एकट्याने कधीच नीट होत नाही.

दंडघेराची पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी असते. डावा हात घ्यावा, खांदा आणि कोपर यांचा मध्य शोधावा, हात सैल सोडायला लावावा आणि पट्टी कातडीला टेकेल, पण रुतणार नाही इतपतच ओढावी. ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी घेर असलेले मूल तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम (पट्टीवरचा लाल पट्टा), आणि ११.५ ते १२.५ सेंटीमीटरच्या दरम्यानचे मूल मध्यम कुपोषित, म्हणजे मॅम (पिवळा पट्टा); त्यावरचा पट्टा हिरवा. पट्टी हाताशी नसेल तेव्हाची एक जुनी युक्ती आहे: आतला व्यास ४ सेंटीमीटर असलेली बांगडी मुलाच्या कोपरावरून दंडावर चढते का, ते पाहायचे. त्या बांगडीचा घेर साडेबारा सेंटीमीटरच्या आसपास भरतो, त्यामुळे ती वर सरकत गेली तर दंड धोक्याच्या रेषेखाली आहे असे समजायचे. आम्ही अशा डझनभर बांगड्या आशाताईंना आणि आज्यांना दिल्या. पट्टीकडे संशयाने पाहणाऱ्या आज्या बांगडी मात्र आपणहून नातवाच्या हातात सरकवून पाहू लागल्या.

शेवटी दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहावे. दोन्ही पायांवर खळगा राहिला तर वजन कितीही असो, ते मूल त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेले पाहिजे.

क्लबातले बालरोगतज्ज्ञ सोबत असतील तर फारच चांगले. मात्र जंतनाशक गोळी, अ जीवनसत्त्वाची मात्रा, लोहाचे औषध या गोष्टी क्लबने स्वतंत्र शिबिरात वाटू नयेत. आरोग्य विभागाच्या वेळापत्रकाप्रमाणे त्या मुलाला मिळत असतात आणि नोंद नसलेली दुसरी मात्रा अपायकारक ठरू शकते.

काय खायला द्यावे आणि कुठे

घरी दिलेला शिधा घराच्या पातेल्यात जातो. यात कोणाची लबाडी नाही. सहा माणसांच्या घरात एका मुलासाठी वेगळी वाटी काढणे भुकेच्या दिवसांत कोणत्याही आईला जमत नाही. म्हणून क्लबचा जादा आहार शक्यतो अंगणवाडीतच, सेविका किंवा मदतनीस मावशींच्या समोर, मुलाच्या पोटात जावा.

दुसरी गोष्ट पोटाच्या आकाराची. वर्षाच्या मुलाचे पोट लहान असते, आणि वरणाचे पाणी किंवा पातळ पेज त्यात भरली की ते मूल “जेवले” असे दिसते, पण ऊर्जा जवळजवळ काहीच मिळालेली नसते. चमचाभर तेल घातले तर सुमारे ४५ किलोकॅलरी वाढतात आणि घासाचा आकार मात्र तेवढाच राहतो. शेंगदाण्याचा कूट, गूळ, तूप, भाजलेल्या डाळीचे पीठ यांचे काम हेच आहे. या पट्ट्यातली नाचणी तर घरचीच आहे. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मंद भाजून दळायची. मोड आलेल्या दाण्यात पिष्ट फोडणारे विकर (एन्झाइम) तयार होते, त्यामुळे या पिठाची पेज तितक्याच पाण्यात पातळ राहते, आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ घालता येते. भाजताना आच मोठी झाली तर विकर मरते आणि सगळी मेहनत वाया जाते. मावशींनी पहिल्या खेपेला खमंग व्हावी म्हणून नाचणी चांगली लाल होईपर्यंत भाजली आणि पेज चमच्याला चिकटून बसली, तेव्हा हे आम्हाला कळले.

अंड्याचा हिशेब सोपा आहे. जिथे अमृत आहार लागू नाही, अशा गावात वीस मुलांना आठवड्यातून सहा दिवस, जून ते सप्टेंबरच्या सोळा आठवड्यांत रोज एक अंडे द्यायचे तर १,९२० अंडी लागतात. अंडे सात रुपयांना धरले तर हा खर्च १३,४४० रुपये होतो. पदग्रहणाच्या जेवणावळीचे बिल याच्या शेजारी ठेवून पाहावे, एवढेच सुचवतो. काही सदस्यांना अंड्याची अडचण वाटते. त्यांनी शेंगदाणे, केळी किंवा दुधाचा खर्च उचलावा. मूल काय खाते हे मात्र त्याच्या घराने ठरवावे, देणाऱ्याच्या सोवळ्याने नव्हे.

बिस्किटांचे पुडे नेऊ नयेत. शहरातून शिजवलेले अन्नही नेऊ नये, कारण पावसाळ्यात दोन तासांच्या प्रवासात ते बिघडते आणि जुलाबाने मुलाचे आहे तेही वजन जाते. दूध पावडरचे डबे आणि दुधाच्या बाटल्या यांना तर हातही लावू नये. आईच्या दुधाच्या पर्यायांचे वाटप आणि जाहिरात यांवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. अस्वच्छ पाण्यात कालवलेली पावडर तान्ह्याच्या जिवावर बेतते, आणि डबा संपेपर्यंत आईचे दूध आटून गेलेले असते. एका वर्षी असे डबे देणगीत आले, तेव्हा ते परत करताना देणगीदार रुसले. ते रुसले तरी चालेल.

सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध, आणि सहा महिने पूर्ण होताच वरचे घट्ट अन्न, हा नियम सगळे तोंडाने सांगतात. क्लबातल्या महिला सदस्यांनी तो चुलीपाशी बसून दाखवावा. एका आईच्या घरी, तिच्याच भांड्यात, तिच्या घरात जे असेल त्यातून वाटीभर घट्ट खिचडी करून तिच्याच हाताने मुलाला भरवायला लावावी. भाषणापेक्षा हा अर्धा तास जास्त उपयोगी पडतो.

तीव्र कुपोषित मूल सापडल्यावर

भूक शाबूत असलेले आणि आजारी नसलेले सॅम मूल ग्राम बालविकास केंद्रात, म्हणजे अंगणवाडीतच, दिवसातून अनेक वेळा जादा आहार देऊन सुधारता येते. खायला नाकारणारे, सूज, ताप किंवा जुलाब असलेले मूल पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते. अशा मुलाला आपुलकीने एकदम भरपूर खाऊ घालणे धोक्याचे असते, कारण उपाशी राहिलेल्या शरीराला अचानक आलेले जड अन्न सोसत नाही. तिथला आहार डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडा थोडा वाढवत नेतात.

आई मुलाला दाखल करायला तयार होत नाही, याची कारणे साधी असतात. घरी आणखी दोन मुले आहेत, लावणी चालू आहे, नवरा नाही म्हणतो, एसटीला पैसे नाहीत. बुडीत मजुरी शासन देते, पण ती नंतर हाती येते. इथे क्लब नेमका उपयोगी पडू शकतो: जाण्यायेण्याचे वाहन, घरच्या दोन मुलांसाठी त्या दिवसांचा शिधा, सोबत आलेल्या सासूचे जेवण, आणि रोज संध्याकाळी एक फोन. मूल घरी परतल्यावर पहिल्या महिन्यात दर आठवड्याला वजन झालेच पाहिजे, कारण घसरण बहुधा तेव्हाच सुरू होते.

स्थलांतर: हे काम आपल्या अंगणातले

दिवाळीनंतर मुलांची नावे अंगणवाडीच्या पटावर राहतात आणि मुले भट्टीवर असतात. ती भट्टी पुष्कळदा आपल्याच तालुक्याच्या गावाजवळ असते, आणि तिचा मालक पुष्कळदा आपल्याच क्लबचा सदस्य असतो. आमच्याकडे असे दोघे होते. हा विषय बैठकीत निघाला तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी त्यांच्यातल्या एकाने आपल्या भट्टीवर एक पत्र्याची खोली, स्वच्छ पाण्याची टाकी आणि मुले सांभाळायला मजुरांपैकीच एका बाईला तिची पूर्ण मजुरी देण्याचे मान्य केले. जवळच्या अंगणवाडीच्या ताईंनी त्या मुलांना पोषण ट्रॅकरवर आपल्याकडे वर्ग करून घेतले आणि टीएचआर तिथे मिळू लागला.

यासाठी दिवाळीपूर्वी पंधरा दिवस एक काम करायचे असते. गावातून कोण, कुठल्या मुकादमाबरोबर, कुठे जाणार आहे याची यादी सेविकेसोबत करून प्रत्येक आईजवळ मुलाचे माता-बाल संरक्षण कार्ड आहे का, ते पाहावे. होळीला किंवा अक्षय्य तृतीयेच्या सुमारास कुटुंबे परतली की त्याच आठवड्यात सगळ्या मुलांचे पुन्हा वजन घ्यावे.

पैसे, माणसे आणि वही

निधीचे मार्ग क्लबच्या लोकांना ठाऊक असतात, म्हणून थोडक्यात सांगतो. भूक, दारिद्र्य आणि कुपोषण यांचे निर्मूलन हे कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सामाजिक दायित्वाच्या कामांत पहिल्याच कलमात आहे, त्यामुळे क्लबचा नोंदणीकृत न्यास असेल तर जवळच्या कारखान्याकडे प्रस्ताव देता येतो. माता-बालक आरोग्य हे रोटरीचे आणि भूकनिवारण हे लायन्सचे जाहीर कार्यक्षेत्र आहे, तेव्हा वरून मदत मागतानाही अडचण येत नाही. परदेशस्थ मित्रांनी पाठवलेले परकीय चलन मात्र संबंधित कायद्याखालील परवानगीशिवाय स्वीकारू नये.

माणसांचा प्रश्न अवघड आहे. दर अंगणवाडीसाठी दोन सदस्य, महिन्यातून दोन ठरलेले वार, आणि बदली सदस्याचे नाव आधीच लिहिलेले, एवढी शिस्त लागते. छायाचित्रात मुलाचा चेहरा आणि “कुपोषित” हा शब्द एकत्र येऊ देऊ नये. गावात ते चित्र मोबाईलवर पोहोचते आणि आईला नजर वर करता येत नाही.

वही साधी असावी: मुलाचे नाव, जन्मतारीख, दर महिन्याचे वजन, तीन महिन्यांनी उंची, दंडघेर, आजारपण, आणि गैरहजर असेल तर मूल कुठे आहे. किती पाकिटे वाटली हा रकाना आम्ही मुद्दाम काढून टाकला. त्याऐवजी दर तिमाहीला एकच आकडा बैठकीत वाचला जातो: मागच्या वेळी लाल पट्ट्यात असलेल्यांपैकी किती मुले पिवळ्यात किंवा हिरव्यात आली, आणि कोणती मुले नव्याने लाल झाली.

राहिला सेवावर्षाचा प्रश्न. सुरुवातीलाच तीन वर्षांचा ठराव करून त्यावर विद्यमान अध्यक्ष, नियोजित अध्यक्ष आणि त्यांच्या नंतरचे अध्यक्ष अशा तिघांच्या सह्या घ्याव्यात, आणि जून ते सप्टेंबरच्या आहाराचे पैसे मावळत्या अध्यक्षांनी एप्रिलमध्येच वेगळे काढून ठेवावेत. नव्या अध्यक्षांनी पदग्रहणाच्या आधी जूनमधल्या एका ठरलेल्या वारी अंगणवाडीत जाऊन स्वतः पाच मुलांची वजने घ्यावीत, आणि वही त्यांच्या ताब्यात त्या दिवशी, तिथेच, ताईंच्या समोर द्यावी.